शहरात फुटबॉल स्टेडियमसाठी जागा कशी शोधायची: अमेरिकी शहरांच्या अनुभवातून

डेव्हिड बेकहॅमनं मायामीत फुटबॉल क्लब काढणार असल्याचं २०१४ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं. त्या क्लबच्या स्टेडियमच्या जमिनीचा भाडेपट्टा शहरानं मंजूर केला तो २०२२ च्या एप्रिलमध्ये. मधल्या आठ वर्षांत बंदरावरची जागा झाली, शहराच्या मध्यावर पाण्याकाठची झाली, बेसबॉल स्टेडियमला लागूनची झाली, ओव्हरटाउन या वस्तीतली झाली. पैसा होता, नाव होतं, मेजर लीग सॉकर या अमेरिकेतल्या मुख्य फुटबॉल लीगचा पाठिंबा होता. मैदानही यातल्या बहुतेक जागांवर मावलं असतं. तरी एकेक जागा हातची गेली.

मापात बसणारी जागा आणि खरोखर मिळणारी जागा यांतलं अंतर भरून काढणं हेच या शोधातलं मुख्य काम आहे. जागेचा शोध म्हणजे मुख्यतः तिच्या मालकांचा, तिच्यावरच्या कायद्यांचा आणि तिच्या शेजाऱ्यांचा शोध. नगररचनेचे आणि वास्तुरचनेचे विद्यार्थी, क्लबच्या समर्थकांचे गट, किंवा अमेरिकेत ज्यांच्या गल्लीशेजारी असा प्रस्ताव आला आहे असे मराठी वाचक, या सगळ्यांना उपयोगी पडेल अशा क्रमानं पुढे लिहिलं आहे.

आधी कागदावर माप

हे काम एका संध्याकाळचं आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठीचं नेहमीचं मैदान १०५ बाय ६८ मीटर. चारही बाजूंनी साधारण आठ मीटर मोकळी पट्टी सोडा. वीस हजार प्रेक्षकांच्या स्टेडियमला प्रत्येक बाजूला तीसेक मीटर खोलीची प्रेक्षागृहं धरा. एकूण आकार होतो १८१ बाय १४४ मीटर, म्हणजे साडेसहा एकराच्या आसपास. त्यात प्रवेशद्वारांसमोरचं अंगण, तपासणीच्या रांगा, टीव्ही प्रक्षेपणाच्या गाड्या, संघांच्या बस आणि रुग्णवाहिकेची वाट मिळवली की दहा ते पंधरा एकर लागतात. वॉशिंग्टनचं ऑडी फील्ड २०१८ मध्ये सुरू झालं. त्याची प्रेक्षकक्षमता वीस हजार आणि त्याचा परिसर चौदा एकरांच्या आसपास आहे.

१:२००० प्रमाणाच्या नकाशावर हा मधला आयत साधारण ९ बाय ७ सेंटिमीटरचा होतो. तो पुठ्ठ्यातून कापा आणि शहराच्या नकाशावर फिरवून बघा. लांबीची बाजू शक्यतो उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर संध्याकाळच्या सामन्यात एका गोलरक्षकाच्या डोळ्यांवर थेट ऊन येतं. थोडं तिरकं चालतं, पूर्ण आडवं टाळावं. पुठ्ठा रस्त्यावर आला तर तो रस्ता बंद करायला लागणारी परवानगी ही वेगळी लढाई आहे, हे तिथंच नकाशावर लिहून ठेवा.

जागा थोडी कमी पडली म्हणून लगेच फुली मारू नका. पोर्टलंडचं प्रॉव्हिडन्स पार्क १९२६ चं. चारही बाजूंनी शहरानं वेढलेल्या त्या मैदानात २०१९ मध्ये सुमारे चार हजार आसनं वाढवली, ती रस्त्याच्या कडेला मजल्यावर मजला चढवून. सेंट लुईसमध्ये मैदान रस्त्याच्या पातळीपासून सुमारे चाळीस फूट खाली नेलं, त्यामुळे बाहेरून इमारत बुटकी दिसते आणि प्रेक्षक रस्त्यावरून सरळ मधल्या पातळीवर आत येतात. मात्र खाली जायचं तर भूजल किती खोलवर आहे ते आधी बघा. मायामीसारख्या समुद्रसपाटीलगतच्या शहरात हा मार्ग जवळपास बंदच असतो.

माणसं बाहेर कशी पडतील

सामन्याला येणारे लोक दोन तासांत सुटे सुटे येतात. परत मात्र सगळे एकदम निघतात. म्हणून जागा तपासायची ती सामना संपल्यानंतरच्या तासाच्या हिशेबानं.

वीस हजारांपैकी बारा हजार लोक मोटारीनं आले आणि एका गाडीत सरासरी अडीच माणसं धरली, तर ४,८०० गाड्या होतात. येण्याजाण्याच्या वाटांसह एका गाडीला साधारण २८ चौरस मीटर लागतात. एकूण तेहेतीस एकर! स्टेडियमपेक्षा दुपटीहून जास्त जमीन फक्त पार्किंगला. शहराच्या मधोमध एवढी जमीन मिळत नाही आणि मिळाली तर ती अशी वाया घालवू नये असं मला ठामपणे वाटतं. म्हणून शहरी जागेचा अर्थ सार्वजनिक वाहतुकीच्या जवळची जागा असाच घ्यायला हवा. मुंबई सिटी एफसी अंधेरीच्या क्रीडा संकुलात खेळते, तिथून आझाद नगर मेट्रो स्थानक चालण्याच्या अंतरावर आहे. आपल्याकडच्या वाचकांना हा मुद्दा वेगळा समजावायला नको.

पण ‘स्थानक जवळ आहे’ एवढ्यावर थांबू नका. त्या स्थानकातून तासाला किती माणसं निघू शकतात ते काढा. समजा, तीन डब्यांची ट्राम सहाशे माणसं नेते आणि दर बारा मिनिटांनी येते. एका दिशेला तासाला तीन हजार झाले. अर्धे प्रेक्षक, म्हणजे दहा हजार लोक, तिच्यावर अवलंबून असतील आणि ते दोन्ही दिशांना सारखे विभागले गेले, तरी शेवटचा माणूस दीड तासाहून जास्त वेळ ताटकळणार. जादा गाड्या कोण सोडणार, त्यांचा खर्च कोण देणार आणि शेवटची गाडी किती वाजता सुटते, याचं लेखी उत्तर वाहतूक संस्थेकडून घ्या. सामना जादा वेळेत गेला तर काय, हेही विचारा.

मग फुटपाथ मोजा, अगदी टेप घेऊन. सपाट वाटेवर दर मीटर रुंदीमागे मिनिटाला सुमारे ८० माणसं पुढे सरकतात, असा अंदाज ब्रिटनमधल्या क्रीडांगण-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत धरला जातो. दोन मीटरच्या फुटपाथवरून मिनिटाला १६० माणसं. दहा हजारांना त्याच वाटेनं जायचं असेल तर तासाभराहून जास्त वेळ लागतो आणि लोक रस्त्यावर उतरतात. म्हणून एकाच मोठ्या स्थानकापेक्षा दोन वेगवेगळ्या दिशांची दोन स्थानकं असलेली जागा मी वर धरेन. ऑडी फील्डला वॉटरफ्रंट आणि नेव्ही यार्ड अशी दोन मेट्रो स्थानकं आहेत. दोन्हीकडे थोडं चालावं लागतं, आणि ते चांगलंच आहे, कारण चालताना गर्दी पातळ होते आणि वाटेतल्या खानावळींना गिऱ्हाईक मिळतं.

रात्री साडेदहाला ती वाट स्वतः चालून बघा. दिवे, रेल्वेचं फाटक, अरुंद पूल, अंधारा बोगदा या गोष्टी उपग्रह-नकाशावर दिसत नाहीत.

मालक किती आणि कोण

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. जागेतल्या प्रत्येक तुकड्याची नोंद काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, दफ्तरातून काढा: मालक कोण, भाडेकरू कोण, करार कधी संपतो, कर्ज किती, पाइपलाइनचा किंवा वीजवाहिनीचा हक्क कोणाचा.

वॉशिंग्टनमधलं बझर्ड पॉइंट, म्हणजे ऑडी फील्डची जागा, बघा. तिथल्या क्लबची, डी. सी. युनायटेडची, टीम जुन्या आर. एफ. के. स्टेडियममध्ये खेळत होती आणि पोप्लर पॉइंटपासून मेरीलँडपर्यंतच्या जागा बघून झाल्या होत्या. बझर्ड पॉइंटवर वीज कंपनीची जमीन होती, भंगाराचं आवार होतं, खासगी विकासकाचे तुकडे होते. शहरानं आधी ठरवलं की स्वतःची एक कार्यालयीन इमारत विकासकाला द्यायची आणि बदल्यात जमीन घ्यायची. नगर परिषदेनं २०१४ च्या अखेरीस ही अदलाबदल वगळली, शहराच्या खर्चावर पंधरा कोटी डॉलरची मर्यादा घातली आणि गरज पडल्यास सक्तीच्या भूसंपादनाला मुभा दिली. पुढे एका भागासाठी तो अधिकार वापरावाही लागला. सक्तीनं घेतलेल्या जमिनीचा ताबा लवकर मिळतो, पण किमतीचा वाद न्यायालयात जाऊ शकतो. म्हणजे अंदाजपत्रकातला हा आकडा शेवटपर्यंत हलता राहतो.

खासगी तुकडे जितके जास्त, तितकी शेवटच्या मालकाची ताकद मोठी. मायामीत बेसबॉल स्टेडियमशेजारच्या जागेचं घोडं खासगी मालकांच्या किमतींवरच अडलं. म्हणून क्लबचं नाव बाहेर फुटण्याआधी खरेदीच्या हक्काचे करार करून ठेवायची पद्धत आहे: थोडी रक्कम देऊन ठरावीक मुदतीपर्यंत ठरलेल्या भावानं घेण्याचा हक्क राखायचा. खासगी जमिनीच्या बाबतीत हे रास्त आहे. सार्वजनिक जमिनीच्या बाबतीत अशी गुप्तता मला मान्य नाही, ती जमीन लोकांची असते.

मालकाशिवायचे हक्कदारही शोधा. न्यू यॉर्क सिटी एफसीनं ब्रॉन्क्समध्ये यांकी स्टेडियमशेजारी जागा ठरवत आणली होती. तिथल्या पार्किंगच्या इमारती चालवणाऱ्या संस्थेवर रोख्यांचं मोठं कर्ज होतं आणि बेसबॉल संघाला आपल्या प्रेक्षकांसाठी पार्किंग हवं होतं. स्टेडियमच्या आराखड्यात काही खोट नसताना त्या गुंत्यात ती योजना बुडाली.

सार्वजनिक जमीन स्वस्त वाटते, म्हणून जपून

शहराची जमीन म्हणजे मालक एकच. मोह होतोच. पण ती जमीन कशासाठी राखलेली आहे हे आधी वाचा. आपल्याकडे विकास आराखड्यातलं आरक्षण बदलायला जशी हरकती-सूचनांची प्रक्रिया लागते, तसेच तिथंही अडथळे असतात, आणि उद्यानाच्या बाबतीत ते फार कडक असतात.

न्यू यॉर्कमध्ये २०१२-१३ मध्ये फ्लशिंग मेडोज या मोठ्या उद्यानात स्टेडियम उभारायची कल्पना निघाली. उद्यानाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर राज्याच्या विधिमंडळाची मंजुरी लागते आणि बदली जमीन द्यावी लागते. क्वीन्समधल्या ज्या कुटुंबांना घराबाहेर दुसरं अंगणच नाही, त्यांचं हे उद्यान. विरोध झाला आणि योजना मागे पडली. तो विरोध योग्यच होता. ऑस्टिनमध्येही नदीकाठच्या उद्यानांच्या जागा चर्चेत आल्या आणि बाजूला पडल्या. शेवटी शहराच्या मालकीची, उद्यान नसलेली मॅककाला प्लेसची २४ एकर जमीन २०१८ मध्ये निवडली गेली आणि २०२१ मध्ये तिथं स्टेडियम सुरू झालं.

मायामीत शेवटी गोल्फचं सार्वजनिक मैदान निवडलं तेव्हा नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदारांचा कौल घ्यावा लागला. साठ टक्क्यांच्या आसपास लोकांनी वाटाघाटींना संमती दिली. तेवढ्यानं भागलं नाही. स्पर्धात्मक निविदा न मागवता भाडेपट्टा द्यायचा तर पाच आयुक्तांपैकी (तिथले निवडून आलेले नगरसेवक) चौघांची मतं हवी होती, आणि ती २०२२ मध्ये चार विरुद्ध एक अशी मिळाली. जागा विमानतळाशेजारची असल्यानं इमारतींच्या उंचीवर विमान वाहतुकीचे नियमही लागू होतात. बॉस्टनशेजारच्या एव्हरेटमध्ये जुन्या वीजकेंद्राच्या जमिनीवरचं बंदर-वापराचं बंधन उठवण्यासाठी राज्याला २०२४ मध्ये कायदा करावा लागला.

म्हणून प्रत्येक जागेपुढे एक रकाना ठेवा: किती मंजुऱ्या, कोणाकडून, किती बहुमतानं. ज्या जागेला जनमत, परिषद आणि विधिमंडळ तिन्ही लागतात, तिथं वेळेचा अंदाज वर्षांत मांडा.

जमिनीखाली काय आहे

मोकळी दिसणारी शहरी जमीन सहसा काहीतरी कारणानं मोकळी राहिलेली असते. मायामीच्या त्या गोल्फ मैदानाखाली जुन्या कचराभट्टीची राख निघाली, मातीत आर्सेनिक सापडलं. ऑस्टिनच्या जागेवर पूर्वी रसायनांचा कारखाना होता. सेंट पॉलमध्ये बस आगाराची जमीन होती. न्यू यॉर्क सिटी एफसीची जागा पुढे जिथं ठरली त्या विलेट्स पॉइंटला गॅरेजवाल्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या होती, पण सांडपाण्याच्या वाहिन्या नव्हत्या आणि माती तेलानं खराब झालेली.

पहिली पाहणी कागदावरच करा. अमेरिकी शहरांचे जुने सॅनबॉर्न नकाशे मिळतात. अग्निविमा कंपन्यांसाठी केलेल्या या नकाशांत कोणत्या इमारतीत काय चालत असे, तेलाची टाकी कुठे होती, हे लिहिलेलं असतं. १९१० आणि १९५० च्या सुमाराचे नकाशे शेजारी ठेवले तरी बरंच कळतं. मग मातीत विंधनं घेऊन नमुने तपासायचे. शुद्धीकरणाचा खर्च विकणारा देणार, घेणारा देणार की शहर, हे भाव ठरायच्या आधी ठरवा. नंतर विकणाऱ्याला त्यात काही गम्य उरत नाही.

शेजारी

सिनसिनाटीची हकिकत मला फार महत्त्वाची वाटते. तिथल्या क्लबपुढे ओकली, नदीपलीकडचं केंटकीतलं न्यूपोर्ट आणि वेस्ट एंड असे पर्याय होते. वेस्ट एंड निवडलं गेलं. शहराच्या मध्याला लागून, चालत जाण्यासारखं, नकाशावर उत्तम. पण वेस्ट एंड ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. विसाव्या शतकाच्या मध्याला महामार्ग आणि ‘नागरी नूतनीकरण’ यांच्या नावाखाली तिथली हजारो माणसं हलवली गेली होती. ती आठवण घराघरात होती. स्टेडियमच्या नेमक्या जागेवर शाळेच्या मुलांचं स्टारगेल हे मैदान होतं. २०१८ च्या एप्रिलमध्ये नगर परिषदेत प्रस्ताव पाच विरुद्ध चार असा कसाबसा पार पडला. क्लबला मुलांसाठी नवं मैदान बांधून द्यावं लागलं, शाळांना अडीच कोटी डॉलर देण्याचं मान्य करावं लागलं, वस्तीला काय मिळणार याचा लेखी लाभ-करार करावा लागला. तरीही आजूबाजूच्या इमारतींतल्या भाडेकरूंचा प्रश्न पुढे पेटलाच.

यातून प्रत्यक्ष कृतीचे काही मुद्दे निघतात. अर्ध्या मैलाच्या परिघात घरमालक किती आणि भाडेकरू किती याची जनगणनेतली आकडेवारी काढा. भाडेकरू जास्त असतील तर भाडेवाढीचा पहिला तडाखा त्यांना बसतो, आणि तिथं भाडे-संरक्षणाची तरतूद स्टेडियमच्या करारातच लिहून घ्यावी लागते. शाळा, दवाखाना, प्रार्थनास्थळ यांची वेळापत्रकं आणि सामन्यांच्या वेळा समोरासमोर मांडा. बझर्ड पॉइंटला बांधकामाच्या धुळीनं दम्याचा त्रास वाढेल ही शेजाऱ्यांची काळजी होती. अशा ठिकाणी हवेची मोजणी काम सुरू होण्याआधी करून ठेवली नाही, तर नंतर तुलनेला आधारच राहत नाही.

नॅशव्हिलमध्ये स्थानिक संघटनांच्या आघाडीनं २०१८ मध्ये क्लबशी करार केला, त्यात स्टेडियममधल्या कामगारांना तासाला किमान साडेपंधरा डॉलर, बालसंगोपनाची सोय आणि परवडणारी घरं या गोष्टी होत्या. करारावर सही कोण करतं ते नीट बघा. चार निवडक प्रतिनिधींनी मान डोलावली म्हणजे वस्तीची संमती मिळाली असं होत नाही.

विलेट्स पॉइंटला अडीच हजार परवडणारी घरं, शाळा आणि पंचवीस हजारांचं स्टेडियम असा एकत्र आराखडा आहे. परिषदेची मंजुरी एप्रिल २०२४ मध्ये मिळाली. तिथल्या गॅरेजवाल्यांना मात्र त्याआधीच उठावं लागलं होतं. घरं येणार याचा आनंद आहेच, पण ज्यांचे हात तिथं वर्षानुवर्षं ग्रीसनं माखले त्यांचं पुनर्वसन आराखड्याच्या पहिल्या पानावर असायला हवं होतं.

पैसा

थोडक्यात सांगतो, कारण हा स्वतंत्र विषय आहे. लीगमध्ये प्रत्येक संघाचे ३४ सामने असतात, त्यांतले १७ घरच्या मैदानावर. एवढ्या दिवसांवर परिसराचा धंदा उभा राहत नाही. सेंट पॉलचं स्टेडियम २०१९ मध्ये उघडलं, पण भोवती रंगवलेल्या कचेऱ्या आणि इमारती पुढची कैक वर्षं कागदावरच होत्या. ‘पूर्णपणे खासगी खर्चानं’ असं वाचलं तर मालमत्ता कराचं काय, हा पुढचा प्रश्न विचारा. विलेट्स पॉइंटच्या बाबतीत शहराच्या स्वतंत्र अर्थसंकल्प कार्यालयानं ४९ वर्षांत किमान ५१.६ कोटी डॉलरचा कर सोडला जाईल असा हिशेब मांडला.

आणि स्वस्त जमिनीसाठी उपनगरात जाण्याचा मोह आवरा. शिकागो फायर हा क्लब २००६ मध्ये ब्रिजव्ह्यू या उपनगरात गेला. स्टेडियम बांधायचं कर्ज त्या छोट्या गावाच्या डोक्यावर बसलं, आणि २०१९ मध्ये क्लबनं ६.०५ कोटी डॉलर देऊन करारातून सुटका करून घेतली. २०२५ मध्ये त्याच क्लबनं शहराच्या मध्याजवळ, नदीकाठच्या जुन्या रेल्वे यार्डाच्या जमिनीवर स्टेडियम जाहीर केलं.

निवड आणि दुसरा पर्याय

आता तक्ता करा, पण गुणांची बेरीज करून विजेता काढू नका. आधी बाद करणारे निकष लावा: उद्यानाची जमीन, पाचाहून जास्त खासगी मालक, एका तासात प्रेक्षक बाहेर काढू न शकणारी वाहतूक, राहत्या घरांची पाडापाडी. यातलं एकही लागू झालं तर ती जागा यादीतून काढा. उरलेल्यांत तुलना करा. पाचाचा आकडा माझा आहे, तुमच्या शहरात तो वेगळा ठेवा.

दोन जागा शेवटपर्यंत जिवंत ठेवा, मात्र दुसरी जागा खरी असू द्या. शहराशी घासाघीस करण्यासाठी दुसऱ्या शहराची भीती दाखवणं हा प्रकार लोक ओळखतात. ओहायो राज्यातल्या कोलंबस क्रू या क्लबच्या मालकांनी २०१७ मध्ये संघ ऑस्टिनला नेण्याचं सूतोवाच केलं. कोलंबसचे समर्थक रस्त्यावर उतरले, राज्यानं क्लब हलवण्यावर बंधन घालणारा जुना कायदा पुढे करून खटला भरला, संघाचे मालक बदलले आणि संघ तिथंच राहिला. ऑस्टिनला वेगळा क्लब मिळाला. २०२१ च्या उन्हाळ्यात दोन्ही शहरांत नवी स्टेडियम सुरू झाली, काही आठवड्यांच्या अंतरानं.

शेवटची नोंद कराराच्या तारखांबद्दल. खरेदीच्या हक्काची मुदत परवानग्यांच्या तुमच्या अंदाजापेक्षा किमान वर्षभर जास्त घ्या आणि मुदतवाढीचा भाव आजच लिहून घ्या. तात्पुरतं कुठं खेळणार तेही ठरवा. बेकहॅमची इंटर मायामी २०२० पासून शहराबाहेर फोर्ट लॉडरडेलला खेळली, म्हणून आठ वर्षांचा शोध क्लबला पेलवला. ज्या क्लबकडे अशी सोय नसते तो घाईत पहिली मिळेल ती जागा घेतो, आणि मग पुढची तीस वर्षं प्रेक्षक त्या जागेपर्यंत पोचायचं कसं याच विवंचनेत राहतात.